लंबूची लाईन

लेक बाबांना कायमचं आपल्या घरी न्यायला आली होती. सामान बांधून झालं, दीड वर्षाची छकुली खेळून खेळून तिच्या खांद्यावर झोपली, पण बाबा टेबलापासून हलेनात. टेबलावर बाबांच्या परदेशातल्या लष्करी नोकरीतला हँडलचा काळा फोन होता. त्याच्या मागचे तार जोडायचे दोन्ही स्क्रू उघडे, तार कधीच निघालेली.

"लंबूचा निरोप यायचाय," बाबा म्हणाले.

लंबूच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली होती. तिकडच्या उजाड टेकड्यांत हे दोघं विशीतले सिग्नल तंत्रज्ञ. तार तुटली की लंबू शोधायला जाई, बाबा फोनपाशी बसत. बाहेर गेलेला 'परत येतोय' म्हणेपर्यंत बसलेल्यानं जागा सोडायची नाही, हा नियम. जोडलेल्या तारेला लंबू जीभ लावून बघे. जिवंत तार आंबट लागते. "चव घेतल्याशिवाय वाढू नये," म्हणायचा.

एका धुकट सकाळी तो गेला. लाईन जोडली गेली. निरोप आला नाही, आणि लंबूही.

"बाबा, गाडी खाली ताटकळलीय. आणि फोन तर सकाळी वाजला की. तुमची नात हँडल फिरवत होती ना."

"आपलं हँडल फिरवून आपली घंटी वाजत नाही, पोरी. समोरच्याची वाजते."

"मग उचलला का नाहीत?"

"धीर होईना. मी म्हातारा झालो. तो झाला नसेल."

तेवढ्यात फोन वाजला.

छकुली खांद्यावर गाढ झोपलेली. हँडल जागच्या जागी.

बाबांनी रिसीव्हर कानाला लावला. नुसतं "हं, हं" करत राहिले. मग हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं, रिसीव्हर ठेवला आणि मुकाट्यानं चपला शोधायला गेले.

आपण काय करतोय हे न कळून ती वाकली. उघड्या स्क्रूंना जीभ टेकवली.

आंबट.

"चल," दारातून बाबा म्हणाले. चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं.

"काय म्हणाला तो?"

"परत येतोय. मी आता इथं नसणार, म्हणून तुझा पत्ता दिला. छकुलीच्या खोलीत निजेल, म्हटलं. त्याला जागा फार लागत नाही."

तिनं लेकीला घट्ट धरलं. छकुली झोपेतच जीभ बाहेर काढून ओठ चाटत होती.