तिसरं वर्तुळ

"मेला हा कंपास, दुपार झाली की अंग चोरतो," मावशी पुटपुटली.

"चाळिशीनंतर आपणही तेच करतो, बाई," शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले.

कुणी हसलं नाही.

हे खरं घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या. तो कंपास आज माझ्या कपाटात आहे आणि मी ते कपाट उघडताना नजर दुसरीकडे ठेवते.

वेळ दुपारी तीनची. जागा, शोध-कार्यालयातली नकाशांची खोली. नऊ दिवसांपूर्वी बेपत्ता झालेलं विमान माझे बाबा चालवत होते. मी तेव्हा आईच्या पोटात. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, तिथे नकाशे आखायची.

विमानाचा शेवटचा संदेश तीन केंद्रांनी पकडला होता. प्रत्येकाला कळलं फक्त अंतर. दिशा नाही. मग प्रत्येक केंद्राभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं. तिन्ही जिथे छेदतील, तिथे विमान.

मावशीने पहिल्याच दिवशी ती काढली. तिन्ही छेदली...

भर समुद्रात.

तिने इकडेतिकडे पाहिलं. तिसरं वर्तुळ खोडलं. कंपास केसभर जास्त उघडला. आता तिन्ही रेषांमधल्या चिमुकल्या त्रिकोणातला बिंदू एका बेटावर आला.

बेटावर माणूस तग धरू शकतो, नाही का?

जहाजं तिकडे गेली. बेट पिंजून काढलं. काही नाही. शोध आणखी दोनच दिवस चालणार होता. खोलीत जो तो "सापडतील" म्हणायचा आणि लगेच चहा मागवायचा.

आणि कंपास...

मावशी स्क्रू आवळून जेवायला जायची. परत येऊन बघावं, तर केसभर मिटलेला.

रोज. तेवढाच.

त्या दुपारी तिने तो खणात कुलूपबंद केला. किल्ली मुठीत.

तीन वाजले.

पंखा थांबला. दिवे मात्र चालू.

सर्र...

कागदावर शिसं फिरल्याचा आवाज. टेबलापाशी कुणी नव्हतं.

मावशी वाकली. तिसरं वर्तुळ पुन्हा उमटलं होतं... तिने पहिलं खोडलं होतं, नेमकं तिथेच. समुद्रातल्या बिंदूपाशी कागद ओला. तिने बोट टेकवलं, जिभेला लावलं.

खारट.

मागे चाहूल लागली. आई डबा घेऊन दारात उभी होती. भूमितीत कशीबशी पास झालेली बाई. नकाशाकडे तिने पाहिलंही नाही.

"ताई, बेटावरची माणसं माघारी बोलाव."

"अगं, अजून दोन दिवस आहेत. धीर धर."

"हे रोज दुपारी उशाशी येऊन बसतात. कपडे निथळत असतात. बोलत काही नाहीत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मावशीची मान वर होईना.

आईने डबा टेबलावर ठेवला.

"ते गेले, ताई. पाण्यात आहेत. दोन दिवस आहेत ना? तेवढ्यात घरी आण त्यांना."