ओढून बघितलं होतं का?

बसा रे जवळ. उद्यापासून तुम्ही लाइनवर उभे राहणार, म्हणून आजच सांगून टाकतो. ते दार तेवढं लोटून घ्या, वारा फार सुटलाय. हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. पण ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझ्याच बाकावर बसून डबा खायचे, आणि थापा मारणं हा त्यांचा प्रांत नव्हे. जन्मात एकच धडधडीत खोटं बोलले, तेच नेमकं अंगाशी आलं.

त्यांना सगळे ठिपकेवाले म्हणायचे. आपल्या कारखान्यात घरगाड्या बनतात, चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, दिवे, सगळा थाट. भिंतीच्या प्लायवूडमागून वायरी जातात. प्लायवूड ठोकण्याआधी तपासनिसाने वायरीचा एकेक जोड चिमटीत धरून ओढून बघायचा, सुटला नाही तर गाडीला हिरवा ठिपका चिकटवायचा. विटामातीचं घर जागचं हलत नाही रे, पण हे घर दिवसभर खड्ड्यांतून हादरतं. ढिला जोड हादरून तापतो. हे ठिपकेवाल्यांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

पण सुट्ट्या तोंडावर आल्या की गिऱ्हाईक दारात आणि साहेब डोक्यावर. ओढत बसलं की लाइन थांबते. एका सकाळी त्यांनी ठिपक्यांची अख्खी गुंडाळीच प्लायवूड ठोकणाऱ्याच्या हातात दिली. "तू लावत जा रे, मी येतो मागाहून." मागाहून म्हणजे कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आठवडाभर तसंच चाललं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

त्याच आठवड्यातली एक गाडी त्यांच्या लेकीने घेतली. नवरा, चार वर्षांची चिमणी आणि ती, सुट्टी लागली की चालले तळ्याकाठी. शेजारणींना सांगायची, "घरचाच माणूस तपासनीस, आम्हाला कसली भीती?" ठिपकेवाले हसून मान डोलवायचे. आणि घाईघाईने विषय बदलायचे.

शनिवारची रात्र होती ती. थंडी मी म्हणत होती. साहेबांनी एक काम सांगितलं. दोन तासांच्या वाटेवर एका म्हाताऱ्या जोडप्याची गाडी होती, ती परत आणायची. "रात्रीच आणा, बोभाटा नको." काही दिवसांपूर्वी एका रात्री गाडीतल्या भिंतीमागे काहीतरी धुमसलं होतं. जाळ झालाच नाही, नुसता धूर. आजोबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते, म्हणून वाचले. आजी आत झोपल्या होत्या.

आजोबांनी स्वतः किल्ली आणून दिली. बराच वेळ ठिपकेवाल्यांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "एक विचारू का? गाडी द्यायच्या आधी आतलं सगळं ओढूनबिढून बघता म्हणे तुम्ही?"

"हो तर. एकेक जोड बघतो."

"हिचंही बघितलं होतं का?"

"बघितलं होतं."

"मग काय... तिचंच नशीब," आजोबा म्हणाले, आणि काठी टेकत आत गेले.

ठिपकेवाल्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण धरणी कुठली घेते! गाडी सुरू करून ते रस्त्याला लागले.

पावणेबाराच्या सुमाराला वस्ती संपली. दोन्हीकडे उघडं रान आणि धुकं. मागच्या खोलीची बॅटरी आजोबांनी केव्हाच काढून टाकली होती, म्हणजे मागे दिवा लागायचा प्रश्नच नव्हता. तरी पुढच्या आरशात काहीतरी लुकलुकलं. पलंगावरचा दिवा. लागला... गेला... पुन्हा लागला.

समोरच्या गाडीचा उजेड पडला असेल, ते मनाशी म्हणाले. समोर गाडी नव्हती.

मग खोकला ऐकू आला.

बाईचा. कोरडा. आवरायचा प्रयत्न करतंय कोणी, असा.

त्यांनी करकचून ब्रेक लावला. इंजिन बंद केलं. मागे वळून बघायचा धीर होईना. मान लाकडासारखी झालेली. आणि प्लायवूडच्या मागून आवाज आला... टक्. कोणीतरी आतून वायर ओढत होतं. टक्. पुढचा जोड. टक्. त्याच्या पुढचा.

"ओढून... बघितलं होतं का?"

आवाज अगदी साधा. त्यात राग नव्हता. आपली आई विचारते ना, जेवलास का, तसा. त्यानेच ते मोडले.

"नाही," ते म्हणाले. "नाही हो आजी. एकही नाही."



"मग आता बघा."

ते मागे गेले. प्लायवूडचे स्क्रू काढले.  पहिला जोड ओढला, पक्का. दुसरा, पक्का. तिसरा... अलगद हातात आला. त्याच्याजवळचा चौथाही.

आणि मग त्यांना लेकीची गाडी आठवली. तोच आठवडा, तीच गुंडाळी. आज रात्री तळ्याकाठी तिघं झोपलेली.

फोन लावला. फार वेळाने उचलला गेला.

"बाबा? झालं काय? केवढी रात्र झालीय!"

"गाडीतून बाहेर पडा. आत्ताच्या आत्ता."

"का? बाहेर थंडी किती आहे! चिमणी झोपलीय."

"वायरिंगचा भरवसा नाही, अगं."

"असं काय करताय? आमची गाडी तर तुम्हीच पास केलीय ना?"

झालं. एवढंच सांगायचं होतं, की नाही केली. बापाच्या तोंडून ते निघेना. लेकीला काय वाटेल? जावयाला काय वाटेल? पाठीमागे खोकला वाढत होता... वाढत होता...

आणि एकदम थांबला.

दिवा विझला. मागे कोणी नव्हतं. ठिपकेवाल्यांना हायसं वाटलं, आणि तरीही ते गप्पच राहिले. किती वेळ, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

"बाबा, आहात ना?"

"मी बघितली नव्हती गं," शेवटी ते म्हणाले. "ठिपके दुसऱ्याच्या हातात दिले होते. मी खोटं बोललो तुझ्याशी."

पलीकडे मग धडपड झाली.

"अहो, उठा! चिमणी... बाबा, चिमणी पलंगावर नाहीये! दार उघडं आहे..."

चिमणी बाहेर गवतात उभी होती. अनवाणी, एकटी. तिच्या उशाजवळच्या फटीतून धूर यायला लागला होता. आईबापही खोकत खोकत बाहेर पडले, म्हणून निभावलं.

पहाटे ठिपकेवाले तिथे पोहोचले. दाराची कडी जावयाच्या छातीएवढी उंच होती, चिमणीचा हात तिथे पोचत नव्हता. आणि ती उघडली होती त्यांनी फोनवर खरं सांगण्याआधीच. चिमणीला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "आजीने ओढलं."

सोमवारी ते आजोबांकडे गेले आणि सगळं कबूल करून आले. मग साहेबांच्या टेबलावर मूठ आपटून त्या आठवड्याच्या सगळ्या गाड्या परत बोलावायला लावल्या. लोक त्यांना शाबासकी द्यायला लागले, की ते उठून जायचे. म्हणायचे, "माझ्या फोनमुळे ती वाचली नाही. मी तेव्हा गप्प होतो."

चिमणीच्या मनगटावर त्या पहाटे काजळीची चार बोटं उमटलेली होती, आणि आतल्या बाजूला अंगठा. लहानखुऱ्या बाईच्या हाताची. साबणाने गेली नाहीत. डॉक्टरांनी तीनदा मलम बदलून बघितलं. आता ती मुलगी कॉलेजात जाते. घड्याळाचा पट्टा चांगला रुंद लावते.