निम्म्या झालेल्या तांबड्या पेशी

साल २०५८. सातपुड्यातल्या उंबरमाळ गावच्या आरोग्य केंद्रात रक्ततपासणीचं काम गणू नावाचा यंत्रमानव करायचा. डिसेंबरमधल्या एका सकाळी त्याचा निरोप आला, तशी अकरा वर्षांची शाल्मली वसुधाआत्याला घेऊन घाईने केंद्रात पोचली.

"तांबड्या पेशी महिन्याभरात निम्म्या झाल्यात," गणू म्हणाला. "यांना जिल्ह्याला न्यावं लागेल, रक्त चढवायला. गाडी बोलावली आहे."

आत्याला दोन वर्षांपासून एक विचित्र आजार होता. तिच्या शरीरातली प्रतिद्रव्ये (एरवी जंतूंना पकडणारी प्रथिने) गारठ्यात तिच्याच तांबड्या पेशींना चिकटत. मग पेशी फुटत. म्हणून दर महिन्याला तपासणी असे.

"आत्या, दम लागतोय?"

"नाही गं. नेहमीसारखंच वाटतंय."

शाल्मलीने अहवाल दोनदा वाचला. हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ) मागच्या महिन्याइतकंच होतं. "हे तर पेशींच्या आत असतं ना? मग पेशी निम्म्या आणि हे तेवढंच कसं?"

"पेशी आकाराने खूप मोठ्या दिसताहेत," गणू म्हणाला.

शाल्मली आणखीच गोंधळली. महिन्याभरात पेशी एवढ्या फुगतील?

केंद्राच्या डॉक्टर पाडवींनी तिचं बोलणं ऐकलं आणि रक्ताची नळी हातात घेतली. ती गार होती. पहाटे ती ड्रोनने आत्याच्या पाड्यावरून आणली, तेव्हा बाहेर पाच अंश तापमान होतं. त्यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"बघ."

पेशी द्राक्षांच्या घोसासारख्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

"गणू पेशी बारीक छिद्रातून सोडून मोजतो. अख्खा घोस त्याला एकच मोठी पेशी वाटतो. हिमोग्लोबिन मात्र तो पेशी फोडून मोजतो, तिथे घोसाने फरक पडत नाही."

त्यांनी नळी सदतीस अंशांवर, म्हणजे शरीराइतकी, गरम केली. गणूने लगेच पुन्हा मोजलं. या वेळी आकडा मागच्या महिन्याच्या जवळ आला.

"पेशी अजूनही थोड्या फुटताहेत," डॉक्टर आत्याला म्हणाल्या, "पण रक्त चढवायची गरज नाही. यापुढे नमुना उबदार डब्यातून आणायचा."

आत्याने शाल्मलीचा हात दाबला. शाल्मली मात्र गणूकडे पाहत होती. "हा आजार असलेलं आणखी कोणी आहे?"

गणूने नोंदी चाळल्या. "एक आजोबा आहेत, वरच्या पाड्यावरचे. त्यांचाही नमुना ड्रोननेच आला होता. त्यांना आज दुपारी जिल्ह्याला रक्त चढवायचं आहे."

डॉक्टरांनी फोन उचलला.