सूरवाला आणि जाम झालेलं इंजिन

रस्त्याच्या कडेला एक तरुण ट्रॅक्टर ढकलत होता आणि ट्रॅक्टर जागचा हलत नव्हता. शेजारी एक काकू छत्री धरून उभ्या होत्या. भुरभुर पाऊस होता, पण छत्री त्यांनी स्वतःच्या डोक्यावर न धरता ट्रॅक्टरवर धरली होती. बॉनेटवरचा रंग म्हणे आधीच कसाबसा टिकून होता.

एक तरुणी स्कूटरवरून चालली होती, पायांशी एक जुना सायलेन्सर बांधून. तशी ती कुणाच्या भानगडीत पडणारी नव्हती. पण असा ट्रॅक्टर दिसला की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. हा काही शेतातला भलामोठा ट्रॅक्टर नव्हे. बागेपुरता, कमरेला लागेल एवढा, एका सिलिंडरचा, गोल दिव्यांचा, आता कुणी बनवत नाही असा. असल्या जुन्या ट्रॅक्टरांना मामाच्या शेडमध्ये आणून पुन्हा चालतं करायचं, हेच तिचं काम. मामा तिला ठिणगी म्हणायचा. का, असं विचारणाऱ्याने तिच्याशी दोन वाक्यं बोलून बघावीत.

"गियरमध्ये आहे तो," ती म्हणाली.

"नमस्कार," तो धापा टाकत म्हणाला.

"इंजिन जाम असणार. वर गियर पडलेला. चाकं फिरतील कशी?" असं म्हणून तिने पुढे होऊन एक दांडा मागे ओढला आणि दोन बोटांनी सीटला धक्का दिला. ट्रॅक्टर निघाला कसला, पळालाच. तो तरुण त्याच्या मागे, काकू छत्रीसकट तरुणाच्या मागे. कोपऱ्यावरच्या खांबाच्या अलीकडे कसाबसा तो हाती लागला.

"तासभर ढकलतोय मी," तो परत येऊन म्हणाला, "आणि त्या दांड्याला एकदाही हात लावून बघितला नाही..." आणि स्वतःवरच इतका मनमोकळा हसला की ठिणगीच्या ओठांवर आलेलं पुढचं खोचक वाक्य तिथेच राहिलं. आपली चूक कळल्यावर लोक सबबी सांगतात, नाहीतर तोंड पाडतात, हे तिला पक्कं माहीत होतं. हा गडी वेगळाच होता.

ट्रॅक्टर शेडमध्ये आला. पत्र्याचं छत, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, डब्यांत आकारानुसार लावून ठेवलेले स्क्रू आणि सगळीकडे रॉकेलचा वास. मामाने चष्मा कपाळावर चढवून इंजिन पाहिलं आणि निकाल दिला: पिस्टन गंजून सिलिंडरला धरून बसलाय. उपाय एकच. प्लग काढून भोकातून तेल ओतायचं, मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करायची दोरी ओढून बघायची. नाही सुटलं तर पुन्हा तेल. दांडगाई केली की आतलं काहीतरी वाकणार, म्हणून घाई करायची नाही.

तरुण वाद्यं सुरात लावायचा, पियानो मुख्यतः. दूरच्या शहरात एका दुकानात नोकरीला होता. काकूंचे यजमान, म्हणजे त्याचे काका, वारले, तेव्हा घर आवरायला तो रजा काढून आला होता. काकू महिनाअखेर लेकीकडे राहायला जाणार होत्या. त्यांचं मागणं एकच होतं, ते त्याने ठिणगीला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. काका रोज बागेत हा ट्रॅक्टर फिरवायचे आणि काकू स्वयंपाकघरात त्याचा आवाज ऐकत काम करायच्या. आवाज चालू आहे तोवर माणूस आहे, असा त्यांचा हिशोब. घर सोडण्याआधी तो आवाज त्यांना एकदा ऐकायचा होता.

"मग ऐकवू," ठिणगी म्हणाली. ती असं सहसा कुणाला शब्द देत नसे.

मामाने त्याचं नाव सूरवाला ठेवलं. सूरवाला रोज संध्याकाळी घर आवरून यायचा, दोरी ओढायचा, हलत नाही म्हणून मान हलवायचा आणि मग जायचं सोडून बाकावर बसून राहायचा. आणि बसून काय, तर ऐकायचा. शेडमधलं एखादं इंजिन मामाने चालू केलं की हा डोळे मिटून सांगणार, "याचा मधूनच एक ठोका चुकतोय." मामाला आयुष्यभर इंजिनांशेजारी उभं राहून कमी ऐकू यायचं, त्यामुळे तो तर हरखूनच गेला. ठिणगी हरखली नाही. निदान तसं दाखवलं नाही. पण असे कान माणसाला असू शकतात याचं नवल तिला घरी जाताना वाटेत पुरायचं.

तोही तिच्याकडे बघायचा. म्हणजे तिच्या हातांकडे... असं त्याचं म्हणणं. तिने ट्रॅक्टरवरच्या हत्यारांच्या पेटीचं झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला ऊन न लागलेला मूळ रंग तसाच होता, गर्द हिरवा. त्याच्याशी जुळेपर्यंत ती थेंब थेंब मिसळत बसली. बॉनेटवरचे पोपडे उडालेले तेवढेच तुकडे तिने त्या रंगाने भरले. मात्र गियरच्या दांड्यावरचा रंग काकांच्या तळव्याने घासून गेला होता, तिथे तिने ब्रश टेकवला नाही.

"हे राहिलं ना?" त्याने विचारलं.

"राहिलं नाही, ठेवलंय. गंज काढायचा. झीज नाही काढायची."

त्याने त्या झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं. नंतर हळूच म्हणाला, "मी पियानोच्या पट्ट्यांबद्दल हेच सांगतो लोकांना. कुणी ऐकत नाही." त्या दिवसापासून 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

आणि मग एका सकाळी घोळ झाला. तो यायच्या कितीतरी आधी ठिणगीने सहज दोरी ओढली आणि दोरी सरळ हातात आली. प्लगच्या भोकातून फुस्स करून हवा सुटली. इंजिन मोकळं झालं होतं. एरवी तिने मामाला ओरडून बोलावलं असतं. त्या सकाळी ती दोरीचं टोक धरून नुसती उभी राहिली. आता कार्बोरेटर साफ करायचा, ठिणगी पाडणारे पॉइंट घासायचे, पेट्रोलची टाकी धुवायची, की दोन दिवसांत काम फत्ते. मग काकूंना आवाज ऐकवायचा, आणि मग सूरवाला त्याच्या शहरात, ही आपली इथे. महिनाअखेर अजून लांब होती. काकूंचं काही अडत नव्हतं, असं तिने मनाला बजावलं, गियर टाकला आणि ब्रेक लावून ठेवला.

संध्याकाळी तो आला. दोरी ओढली. इंजिन ढिम्म.

"अजून नाही?"

"अजून नाही," ती म्हणाली आणि रीतसर तेल ओतलं. मागे मामा कानस चालवता चालवता उगाच खोकला.

असे आठ-दहा दिवस गेले. रोज तो दोरी ओढायचा, रोज ती तेल ओतायची. इतकं सुखाचं जाम झालेलं इंजिन त्या शेडने पाहिलं नसेल.

मग एका दुपारी तो अवेळीच आला. काकूंच्या लेकीला रजा मिळत नव्हती, म्हणून ती उद्याच गाडी घेऊन येणार होती. सामान बांधायला घेतलं होतं. त्यालाही काकूंना पोचवायला बरोबर जायचं होतं. "आवाजाचं राहिलं आता," तो म्हणाला. "काकू काही बोलल्या नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस... इंजिनच अडलं, त्याला तू काय करणार."

या शेवटच्या वाक्याने ती खलास झाली. ओरडला असता तर तिने दोन शब्द सुनावून वेळ मारून नेली असती.

"इंजिन अडलेलं नाही," ती म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना, म्हणून ती ट्रॅक्टरकडे बघून बोलत होती. "केव्हाच सुटलंय. मी गियर टाकून ठेवला होता. काम संपलं की तू जाशील म्हणून. काकूंना आवाज ऐकवीन असा शब्द दिला होता मी, आणि तरी... "

मामाची कानस थांबली.

"माहीत होतं मला," सूरवाला म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"जाम इंजिन मुकं असतं. दोरी ओढली की नुसता हाताला झटका. पण त्या संध्याकाळी आतून टक असा आवाज आला. गियरच्या दातांचा. गियर काय करतो ते तर पहिल्या दिवशी तूच शिकवलं होतंस."

ठिणगीने आता त्याच्याकडे पाहिलं. लाज कुठल्या कुठे पळाली आणि संताप आला. "आणि तरी रोज येऊन दोरी ओढत होतास? कपाळाला घाम आणून?"

"घाम आणणं अवघड होतं," तो म्हणाला. "चेहरा पाडणं त्याहून."

ती चिडून काहीतरी बोलणार होती, पण मामाने टेबलावर पाना आपटला. भांडण नंतर करा, तो म्हणाला, आधी कार्बोरेटर खोला.

दुपारभर तिघं राबली. टाकीतून वाटीभर गंज निघाला. कार्बोरेटरच्या छिद्रात अडकलेला चिकटा तिने बारीक तारेने काढला, पॉइंट घासले, प्लग घासून लख्ख केला. सूरवाला सांगितलं ते धरत होता, मागितलं ते देत होता आणि एकदाही चुकीचा पाना देत नव्हता. उजेड असतानाच सगळं जागेवर बसलं. प्लग लावण्याआधी मामाने ऐटीत दोरी ओढली, आणि प्लगच्या भोकातून तेलाचं कारंजं उडून त्याच्या चष्म्यावर, शर्टावर, छतापर्यंत गेलं.

"एवढं कसं?" ठिणगी चक्रावली. "मी तर रोज चमचाभरच..."

"मीही ओतत होतो," सूरवाला खाली बघत म्हणाला. "तू हात धुवायला गेलीस की. काळजीत आहे असं दिसावं म्हणून."

मामाने चष्मा काढला. तेवढी दोन वर्तुळं सोडून त्याचा सगळा चेहरा काळा झाला होता. "दोघांनी मिळून आंघोळ घातलीत इंजिनाला," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. गेला तो बराच वेळ आलाच नाही.

सकाळी ट्रॅक्टर काकूंच्या बागेत पोचला. घरात दोऱ्यांनी बांधलेली खोकी, भिंतींवर तसबिरी काढल्याच्या खुणा. काकू स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहिल्या, जिथे रोज उभ्या राहायच्या तिथेच. बाहेर यायला त्या तयार नव्हत्या. "मी आतूनच ऐकायचे," त्या म्हणाल्या. "आणि लिंबाच्या झाडापाशी न्या. इतक्या जवळून नको."

ठिणगीने ट्रॅक्टर लिंबापाशी नेऊन ठेवला. सूरवाला काकूंजवळ खिडकीत उभा राहिला. तिने दोरी गुंडाळली, ओढली. नाही. पुन्हा ओढली. निळ्या धुराचा लोट उठला, राहिलेलं तेल जळत होतं, आणि मग त्या धुरातून ट्रॅक्टर बोलायला लागला. ठाक, ठाक, ठाक... तिचे डोळे धुराने चुरचुरले, धुरानेच.

खिडकीत काकू मान हलवत होत्या. हा नव्हे. सूरवाल्याने कान देऊन ऐकलं, काकूंना काही विचारलं, आणि हात खिडकीबाहेर काढून खाली केला. हळू कर. तिने इंजिन हळू केलं. हात आणखी खाली आला. तिने आणखी केलं. मग हात किंचित वर, अगदी बोटभर, आणि तिने कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. काकूंना आठवतं ते त्याने ऐकावं, त्याने ऐकलं ते हिने हातांनी करावं, असं चाललं होतं. ना शब्द, ना हाका. मग त्याचा हात थांबला.

काकूंनी आता मान खाली घातली होती, त्यामुळे तिला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी ओट्यावर दोन्ही तळवे टेकले होते, एवढंच दिसलं. सूरवाल्याने हात तसाच वर धरून ठेवला होता, आणि ठिणगीला त्या हाताचं इतकं कौतुक वाटलं की तिला आता लपवावंसं काही उरलं नाही. आपण प्रेमात आहोत, हे तिने लिंबाच्या झाडाखाली, धुरात उभं राहून, स्वतःशी सरळ कबूल केलं.

बऱ्याच वेळाने काकू बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. "हाच," त्या म्हणाल्या. त्यांनी ठिणगीचे तेलकट हात आपल्या हातांत घेतले आणि ट्रॅक्टर तुझ्याकडेच राहू दे, मी तिकडे गॅलरीत का लावणार आहे, असं सांगून टाकलं.

दुपारी लेकीची गाडी आली. खोकी चढली, काकू पुढे बसल्या. सूरवाला फाटकापाशी रेंगाळला. त्याने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ठिणगी चिंधीने हात पुसत होती, जे केव्हाच पुसून झाले होते.

"चाललं इंजिन," तो म्हणाला.

"चाललं."

"आता यायला काही निमित्त नाही राहिलं."

"नाही," ती म्हणाली. तिने चिंधी खिशात कोंबली. "निमित्त नको. काम नाही, दुरुस्ती नाही, काही नाही. मला तू हवा आहेस म्हणून ये."

पिशवी त्याच्या खांद्यावरून घसरली ती थेट जमिनीवर, आणि उचलायचं त्याला सुचलं नाही. मग तो म्हणाला, "पियानो इथेही बेसूर होत असतील ना?"

"सगळे," ती म्हणाली. "गावात एकही सुरात नाही."

गाडीच्या खिडकीतून काकूंनी डोकं बाहेर काढलं. "पोरी, आत्ता सोड त्याला, मला उशीर होतोय," त्या म्हणाल्या. "परवा परत पाठवते. मला तरी तिकडे त्याचं काय करायचंय?"