दारातला लाकडी वाडगा

"माफी मागणार नाही. कशाबद्दल ते नंतर सांगते," खुर्चीत टेकायच्या आधीच ती म्हणाली.

वहिनींनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. वहिनी खाजगी तपास करत. त्यांचे धाकटे दीर, भाऊजी, निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मागेमागे फिरत. आणि सगळं सर्वांत शेवटी कळण्यात भाऊजींचा हात कुणी धरला नसता.

ती इंजिनीअर होती. मोटारीच्या सस्पेन्शनसाठी तिनं तेलाशिवाय चालणारा डँपर बनवला होता.

"गाडी खड्ड्यातून गेली की उसळ्या मारते. त्या उसळ्या डँपर जिरवतो, आजवर तेलानं. माझ्या डँपरात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे आणि आत चुंबकांचा दांडा. दांडा हलला की तारेत वीज तयार होते आणि तीच वीज दांड्याला अडवते."

"विजेनं अडवायचं कसं?" भाऊजी म्हणाले.

तिनं पर्समधून तांब्याची नळी काढली आणि वरून एक चुंबक सोडला. भाऊजींनी खाली तळहात धरला. चुंबक आला, पण सोमवारी ऑफिसला निघालेल्या माणसासारखा रमतगमत.

"परवा संध्याकाळी माझा डँपर झकास चालला. काल मालकांसमोर चाचणी झाली, तर त्यानं काहीच अडवलं नाही. तारा तपासल्या, त्या शाबूत निघाल्या. आता मालक म्हणतात, आधीचे आकडे तू खोटे दिलेस. आज संध्याकाळपर्यंत तसं लिहून दे, माफी माग आणि घरी बस. डँपरला मला हातही लावू देत नाहीत."

"आणि नाही लिहून दिलंत तर?"

"तर या धंद्यात मला दारात कुणी उभं करणार नाही. तरी लिहून देणार नाही."

वहिनी उठल्याच.

प्रयोगशाळेच्या दारात स्टुलावर एक लाकडी वाडगा होता. फिटरनं त्याकडे बोट दाखवलं. "घड्याळ, किल्ल्या इथं काढा, ताई. त्या दांड्याजवळ गेलेलं चावीचं घड्याळ बंदच पडतं. माझं असंच गेलं. तेव्हापासून सरसुद्धा आपलं घड्याळ रुमालात गुंडाळून इथं ठेवतात."

सर म्हणजे तेलाच्या डँपर विभागाचे प्रमुख. इंजिनीअरला त्यांनीच घडवलं होतं.

मालकांनी कपाटातून डँपर काढला. वहिनींनी अंबाड्यातली पिन काढून दांड्याला टेकवली. पिन खाली पडली. त्यांनी ती उचलून परत खोचली. विचार करताना बायकांना केस सारखे करायची सवय असते, असं भाऊजींना वाटलं.

"काल हा चाचणीच्या यंत्रावर कुणी चढवला?" वहिनींनी फिटरला विचारलं.

"मीच. सरांनी कपाटातून काढून हातात दिला. त्यावरची नंबराची पट्टी तेवढी गळून पडली होती. आता मी चिकटवलेली पट्टी गळते म्हणजे काय?" फिटर दुखावला होता.

मालक मात्र वैतागले होते. "मी तिच्याच बाजूचा होतो. सर डँपर उचलतानाच हातातलं घड्याळ बघून म्हणाले, लवकर उरका, मला रंग भाजायची भट्टी लावायची आहे. मी म्हटलं, पोरीला पुरेसा वेळ द्या. वेळ दिला आणि तोंडघशी पडलो."

सर आपल्या खोलीत तेलाचा जुना डँपर फडक्यानं पुसत होते.

"पोरगी हुशार आहे. पण चुंबक फार तापला की मरतो. मी सांगून थकलो. चाचणीत तेच झालं असणार."

"घड्याळ छान आहे तुमचं," वहिनी म्हणाल्या.

"कंपनीनं दिलेलं. चावीचं आहे, पण अजून काट्यावर चालतं." सरांनी ते कानाशी धरलं.

वहिनींनी सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं.

"दांड्यात जीव नाही. पिनसुद्धा चिकटत नाही. तारा शाबूत, चुंबक मेलेले. सर म्हणतात, चाचणीत तापून मेले."

"मग दोष डिझाइनचाच," मालक म्हणाले.

"थांबा. सरांनी चाचणीच्या आधी डँपर उचलला, तेव्हा हातात चावीचं घड्याळ होतं. दांडा जिवंत असता तर ते तिथंच बंद पडलं असतं. ते अजून चालतंय. म्हणजे यंत्रावर चढायच्या आधीच चुंबक मेले होते. आणि पट्टीचा पक्का गोंद सुटला तो उष्णतेनं. इथं एवढी धग देणारी एकच वस्तू आहे, रंगाची भट्टी."

"घड्याळ काढायला विसरले असतील," भाऊजी सरांच्या मदतीला धावले.

"मग उचलताना त्याच घड्याळात बघून ते चरकले असते, भाऊजी. रुमालात जपलेली वस्तू आहे. ते बिनधास्त होते, कारण दांडा निर्जीव आहे हे त्यांना ठाऊक होतं. हे ठाऊक असणारा माणूस एकच, ज्यानं तो मारला."

सर हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

"तेलाचं काम बंद झालं तर माझं काय उरलं असतं?"

"मी होते ना, सर," इंजिनीअर म्हणाली.

मालकांनी घसा साफ केला. "घरातली गोष्ट घरात मिटवू. तुम्ही उद्यापासून या, मॅडम. माफीचा विषय संपला."

"तुमच्यासाठी. मला खोटं ठरवलंत ते सगळ्यांसमोर. आता चाचणीही सगळ्यांसमोर, आणि आत्ता. चुंबकांचा दुसरा संच माझ्या खणात आहे."

"आजच कशाला?"

"कारण उद्यापासून यायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही."

फिटर हसू दाबत पाने-पक्कड आणायला वळला. सर दाराकडे निघाले होते.

"सर, तुम्ही थांबायचं," ती म्हणाली. "आणि घड्याळ काढून ठेवा."

सरांनी खिशातून रुमाल काढला.