पंपाची जाळी

यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

कुणाला खोटं वाटलं तर त्यानं खुशाल हसावं. ज्यांच्यावर बेतलं ते नाना तर हसणंच विसरलेत.

भूत म्हटलं की लोक रात्र धरून चालतात. हे घडलं भर दुपारी. उन्हाळ्यात. नानांच्या घरामागे पोहायचा छोटा तलाव आहे, त्याच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत.

त्या खोलीत तलावाचा पंप होता.

नानांनी जन्मभर क्रेन चालवली. बायकोचे, म्हणजे काकूंचे गुडघे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहायला लावा. नानांनी निवृत्तीनंतर तलाव बांधून घेतला. काकू पोहल्या थोड्याच. जीव जडला तो पंपावर.

रोज जेवणं झाली की काकू त्या खोलीत. पंप बंद करायचा, झाकण हातानं फिरवून काढायचं, आतली जाळी बाहेर घ्यायची. पानं, किडे, केस, तलावातला सगळा कचरा त्या जाळीत अडकतो. ती भिंतीच्या कोपऱ्यावर आपटायची, नळाखाली धुवायची. मग झाकणाच्या रबरी रिंगला बोटानं ग्रीस. तिथून हवा शिरली की पंप नुसता घरघरतो, पाणी ओढत नाही.

"लग्न माझ्याशी केलंस की पंपाशी?" नाना विचारायचे.

"पंप निदान बटण दाबल्यावर ऐकतो," काकू म्हणायच्या.

हिवाळ्यात काकू गेल्या.

आणि मग त्या सगळ्यांच्या स्वप्नात यायला लागल्या.

मुलीच्या आल्या. मेहुणीच्या आल्या. शेजारणीशी त्यांचं कधी धड पटलं नव्हतं, पण तिच्याही आल्या. "दार नीट लावून घ्या म्हणाल्या हो!" शेजारीण डोळे पुसत सांगत होती.

नानांच्या स्वप्नात कुणी आलं नाही.

ते लवकर झोपायचे. दिवा मालवायचे. शेजारची उशी सारखी करून ठेवायचे. सकाळी उठायचे ते कोरेच्या कोरे.

"येईल हो बाबा, तुमच्याही येईल," मुलगी फोनवर म्हणाली.

"रांग लावलीय का तिनं? आणि मी शेवटचा?"



उन्हाळा लागला तसं नानांनी मेन बटण खाली पाडून पंप बंद केला. जिच्यासाठी पाणी, ती नाही. होऊ दे हिरवं.

पाणी हिरवं झालं नाही.

आठवडे गेले. औषधाचा कण टाकला नव्हता, तरी तळाची फरशी स्वच्छ दिसत होती...

एका दुपारी नाना स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मागून आवाज आला.

ठक... ठक...

हातातलं पातेलं तसंच राहिलं. जाळी भिंतीवर आपटल्याचा हा आवाज त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

ते धावले. खोलीत कुणी नव्हतं. बटण खालीच. पंपाच्या अंगावर हात ठेवला...

गरम होता.

भिंतीच्या कोपऱ्यापाशी ओल्या पानांचा गोळा पडला होता. झाकण घट्ट लावलेलं. नानांनी ते उघडलं. रिंगला ताजं ग्रीस होतं, आणि त्यात बोटाची रेघ.

दुसरा कुणी असता तर बोंब ठोकत पळाला असता. नाना तिथेच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

आली. उशिरा का होईना, आली.

त्यांनी पंपवाल्याला बोलावलं. हा पंपवाला काकूंच्या वेळेपासून येणारा. त्यानं मोटर उघडून पाहिली, वायर तपासली, डोकं खाजवलं.

"नाना, लाइनच नाही याला. चालेल कसा?"

"चालतो."

"आणि निगा तर अशी ठेवलीय की... काकू असताना होती अगदी तशी."

"तेच म्हणतोय मी."

पंपवाल्यानं हत्यारं गोळा केली. चहासुद्धा न घेता गेला.

दुसऱ्या दिवसापासून नाना दुपारी पंपापाशी खुर्ची टाकून बसू लागले. डोळ्यांत तेल घालून.

काही घडायचं नाही.

पाणी प्यायला घरात गेले की मागे... ठक... ठक... परत येईपर्यंत जाळी धुतलेली असायची.

"अगं, आलीच आहेस तर बोल की," नाना रिकाम्या खोलीला म्हणायचे. "माझं काही चुकलं का?"

नळाचा एखादा थेंब पडायचा. बस.

होता होता नानांच्या मनात कडू विचार शिरला. घरात ती कधीच येत नाही. तिची खुर्ची, तिची खोली, तिचा माणूस, यातलं तिला काही नको. तिला पंप हवाय.

मग पंपच नसला तर?

नानांनी स्वतः नट खोलले. पंपवाल्याच्या दुकानात फोन केला.

"घेऊन जा. फुकट घे."

"नाना, चांगला पंप आहे हो."

"म्हणूनच घेऊन जा म्हणतोय!"

पंप गेला. त्या दुपारी नानांनी मागचं दार सताड उघडं ठेवलं. दोन कप चहा केला. समोरासमोर बसण्याऐवजी शेजारी खुर्ची लावली, काकूंना तसंच आवडायचं.

वाट पाहिली.

चहावर साय धरली. ऊन उंबऱ्यावरून सरकत बाहेर गेलं. कुणी आलं नाही.

आला तो पंपवाल्याचा फोन.

"नाना... रागावू नका. मी जेवायला गेलो होतो, दुकान बंद होतं. येऊन बघतो तर... मोडीत टाकलेल्या सगळ्या पंपांच्या जाळ्या धुऊन ओळीनं वाळत ठेवल्यात. काकू ठेवायच्या तशा, पालथ्या."



"माझ्याबद्दल काही?" नानांनी विचारलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

नाना टेम्पो घेऊन गेले आणि पंप परत आणला. होता तिथे बसवला, आत पाणी भरलं, हवा काढली, बटण वर केलं. पंप उत्तम चालला.

पंप आला. ती आली नाही.

पानं जाळीतच कुजायला लागली. महिन्याभरात पाण्यावर शेवाळ आलं. आणि तिकडे दुकानात मात्र दर दुपारी जाळ्या धुतल्या जात होत्या.

नाना दुकानात जाऊन बसू लागले. पंपवाल्यानं सुरुवातीला स्टूल दिलं, गप्पा मारल्या. मग तो अवघडल्यासारखा वागू लागला. शेवटी एक दिवस, नजर हातातल्या पान्यावर ठेवून म्हणाला,

"नाना, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बसता ना... त्या दिवशी जाळ्या तशाच राहतात."

"म्हणजे?"

"तुम्ही आलात की त्या येत नाहीत."

नाना उठले. स्टूल उचलून जागच्या जागी ठेवलं.

"तुला भीती नाही वाटत तिची?"

"आधी वाटायची," पंपवाला म्हणाला. "आता सोबत वाटते."



त्यानंतर नाना त्या रस्त्यानं जाईनासे झाले. परवा मात्र दवाखान्यातून येताना पाय तिकडे वळले. टळटळीत दुपार. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, पंपवाला जेवायला गेलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आत नळ वाहत होता.

नाना शटरपाशी थांबले. वाकून बघण्याची हिंमत झाली नाही. हलक्या आवाजात त्यांनी काकूंना हाक मारली. लग्नानंतर फक्त घरात मारायचे, ती हाक...

आतला नळ बंद झाला.

पाऊल वाजलं नाही. भांडं हललं नाही. पण आत कुणीतरी होतं, शटरच्या अगदी पलीकडे, श्वास रोखून उभं असावं तसं.

नानांना तेव्हा कळलं की आतलं माणूस बोलणार नाही. ते फक्त थांबलं होतं...

नाना निघून जायची वाट बघत.