बेहड्याची ढोली

चंदगडच्या त्या डोंगरात पंचेचाळीस वर्षांत एक झाड कुजलं नव्हतं. वादळात खोडं आडवी होत, पण आडवं झालेलं खोडही दहा पावसाळ्यांनंतर तसंच टणटणीत. रानात कुजट वास नव्हता, अळंबी नव्हती. तिथल्या पोरांना 'कुजणं' हा शब्द ठाऊक होता तो घरातल्या भाजीपुरता.

हे सगळं डॉ. ईशान्या ओगले यांचं कर्तृत्व. लाकूड कुजतं ते बुरशीमुळे, आणि ते कुजलं की झाडाने जन्मभर साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. तापलेल्या पृथ्वीला हे परवडणारं नव्हतं. म्हणून बाईंनी असं झाड घडवलं, की ज्याच्या गाभ्यातच बुरशी मारणारं द्रव्य तयार होतं. त्याला नाव दिलं 'अजर', म्हणजे म्हातारपण नसलेलं. जुनी रानं तोडून अजर लावले गेले. घरं आणि पूलही अजरचेच झाले. जुनं किडकं खोड सापडलं तर पंधरा दिवसांत पाडून जाळायचं, असा कायदा आला. बाईंचे सत्कार किती झाले ते विचारूच नका.

एवढ्या शहाण्या माणसांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली नाही. धनेश, पिंगळे, पोपट ढोलीत घरटं करतात. आणि ढोली म्हणजे झाडाचा गाभा कुजून पडलेली पोकळी. सुतार पक्षीसुद्धा चोच चालवतो ती बहुधा आधीच मऊ पडलेल्या लाकडावर. जे झाड कुजत नाही त्यात ढोली पडत नाही. एकेक पाखरू अंडी घालायला जागा शोधत हिंडलं आणि म्हातारं होऊन मेलं.

एप्रिलच्या अखेरीस बाईंना वनमजूर भैरू गावडेचा फोन आला. विशीत असताना अजरची पहिली रोपं त्यानेच लावली होती. ओढ्याकाठी एक जुना बेहडा कायद्याच्या नजरेतून सुटून उरला होता. त्याच्या ढोलीत धनेशाची जोडी होती, त्या डोंगरातली शेवटची. आता त्या बेहड्यावर बुरशी दिसत होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई काठी टेकत तिथवर गेल्या.

ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं. मधल्या फटीतून एक चोच तेवढी दिसत होती.

"मादी सोताला कोंडून घेती बाई," भैरू म्हणाला. "पिसं बी झडल्यात तिची. नर चारील तेवढंच खायाचं. आत पिल्लू हाय. पंदरा-ईस दिसांत भाईर येतील."

बाईंची नजर मात्र शेजारच्या अजरवर खिळली होती. बेहड्यावरची पांढरी बुरशी त्याच्या सालीवरही चढली होती. अजर खाणारी बुरशी निपजली असेल तर पंचेचाळीस वर्षांचं रान जाईल, घरं जातील, पूल जातील. खात्री करायची तर अजरच्या लाकडाच्या चकतीवर ती बुरशी एकवीस दिवस वाढवून बघायला हवी होती. पण वळीव कधीही पडला असता, आणि एक सर पडली की बुरशीचे बीजाणू, म्हणजे धुळीहून बारीक बिया, रानभर पसरले असते.

"पंदरा दिस थांबा," भैरू म्हणाला.

"पाऊस थांबणार आहे का, भैरू?"

"मी खात्याला कळवलं न्हाई. तुमास्नी कळवलं. तुमी वाचवशीला म्हनून."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी मान खाली घातली आणि बेहडा पाडायच्या हुकमावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेहडा आणि शेजारचा तो अजर पडला. त्याआधी मादीला आणि पिल्लाला अलगद काढून एका लाकडी पेटीत ठेवलं, पेटी जवळच्या दुसऱ्या अजरला टांगली. नर वर घिरट्या घालत राहिला. पेटीजवळ तो आलाच नाही. भैरूने उंबरं चोचीशी धरली, पण मादीने चोच उघडली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली, पाचव्या दिवशी पिल्लू.

इकडे पुण्यात, प्रयोगशाळेत, बाई त्या बुरशीचा नमुना लावलेली अजरची चकती रोज बघत होत्या. पहिला आठवडा भीतीने बघितली. मग, स्वतःलाही न सांगता, त्या बुरशीला दोन थेंब पाणी जास्त घालू लागल्या. ती लाकडात शिरावी, सही खरी ठरावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. एकविसाव्या दिवशी बुरशी वाळून गळून पडली. खाली अजर चकचकीत होता, एक डाग नव्हता. आयुष्यभराच्या कामाला यापेक्षा मोठी पावती मिळाली नसती. बाई रडल्या.

त्यांनी फोन लावला. "भैरू, बुरशी वरवरचीच होती. झाड ठेवलं असतं तरी चाललं असतं. माझं चुकलं."

"नर अजून येतोय बाई," भैरू म्हणाला. "उंबरं घिऊन येतो. ह्या अजरला चोच मारून बगतो, त्या अजरला मारून बगतो. मग उंबरं खाली टाकतो न् जातो." त्याने विचारलं, "कुजनारं झाड आता लावलं, तर ढोली पडाया किती वर्सं लागत्याल?"

"शंभर. जास्तच."

"आनि ह्यो पक्षी किती जगतो?"

खोटं बोलावं असं बाईंना फार वाटलं.

"चाळीस," त्या म्हणाल्या.